सावता महाराजांच्या मळ्यातला हिशेब

आषाढी एकादशीला राज्यभरातून संतांच्या पालख्या पंढरपुरात येतात. एकादशी झाली, काला झाला, पालख्या परतीला लागल्या, की काही दिवसांनी खुद्द पांडुरंगाची पालखी पंढरपुराबाहेर पडते. ती जाते सोलापूर जिल्ह्यातल्याच माढा तालुक्यातल्या अरण गावी, सावता माळी यांच्या भेटीला. आषाढ वद्य चतुर्दशी ही सावता महाराजांची पुण्यतिथी. इ.स. १२५० ते १२९५ असे त्यांचे अवघे पंचेचाळीस वर्षांचे आयुष्य. हाताशी असलेले त्यांचे अभंग चाळीसही भरत नाहीत, आणि तेही उतरवून ठेवले काशीबा गुरवांनी. पंढरी काही कोसांवर असूनही सावता महाराज वारीला गेले नाहीत, मळ्यातच राहिले, असे परंपरा सांगते. म्हणून देवच त्यांच्याकडे आला, आणि अजूनही दरवर्षी जातो.

कीर्तनात ही गोष्ट भक्तीची थोरवी म्हणून सांगतात. माळवं पिकवणाऱ्या माणसाला मात्र ती ऐकताना वेगळेच काहीतरी दिसते. मळा सोडून महाराज जाणार तरी कसे होते?

वारीचे वेळापत्रक जिरायती शेतकऱ्याच्या सोयीचे आहे. मृगाचा पाऊस पडला, पेरणी उरकली, की पीक उगवून खुरपणीला येईपर्यंत थोडी उसंत मिळते. नेमक्या त्याच दिवसांत देहू-आळंदीहून पालख्या निघतात. ज्वारी-बाजरीवाला किंवा कडधान्यवाला माणूस घरच्यांवर शेत सोपवून पंधरा-वीस दिवस चालू शकतो. भाजीवाल्याचे तसे नाही. मेथी महिन्याभरात काढणीला येते, कोथिंबीर दीड महिन्यात. भेंडी आणि काकडी एक दिवसाआड तोडावी लागते. चार दिवस राहिली तर भेंडी जून होते आणि काकडीला बाजारात कोणी विचारत नाही. वांग्याला शेंडे-फळ पोखरणारी अळी, टोमॅटोला करपा, मिरचीला फुलकिडे. रोज वाफ्यावाफ्यातून फिरून पानाच्या खालची बाजू पाहणारा डोळा लागतो. तेराव्या शतकात तर दोर, बैल आणि मोट. एक दिवस पाणी चुकले की रोपे माना टाकणार. सावता महाराजांच्या मळ्यात देव येण्यामागे भक्तीइतकेच पाण्याच्या पाळीचेही कारण असावे, असे म्हटले तर वारकऱ्यांनी रागावू नये. उलट त्यामुळे महाराजांचा धर्मविचार अधिक धीट ठरतो. ज्याला देवळापर्यंत जाता येत नाही, त्याचे काम हेच त्याचे देऊळ, असे त्यांनी ठरवले आणि भाजीच्या वाफ्यातच विठ्ठल पाहिला.

त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध अभंगात जी भाज्यांची नावे येतात, त्यांत मिरचीही आहे. मिरची भारतात आली पोर्तुगिजांबरोबर, सोळाव्या शतकात. म्हणजे महाराजांच्या समाधीनंतर दोनशे वर्षांनी. अभ्यासक याला प्रक्षेप म्हणतील. गाणारे माळीच असतील, तर आपल्या मळ्यात जे नवे पीक आले त्याला त्यांनी अभंगातही जागा करून दिली असेल, एवढाच त्याचा अर्थ.

इथपर्यंत सगळे गोड आहे. प्रश्न पुढे येतो. काम हीच पूजा असेल, तर त्या पूजेत पिकलेला कांदा विकायला नेल्यावर भावासाठी घासाघीस करायची की नाही? कर्म करावे, फळाची आशा धरू नये, हा गीतेचा उपदेश रथावर उभ्या असलेल्या एका क्षत्रियाला केलेला आहे. ज्याचा माल संध्याकाळपर्यंत विकला गेला नाही तर सडतो, त्याला तो कसा लागू करायचा?

मराठीत या उपदेशावर जितके लिहिले गेले तितके क्वचितच दुसऱ्या कशावर. ज्ञानेश्वरांनी आपल्या वाट्याचे काम करणे हीच ईश्वराची पूजा मानली. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात कर्मयोगाचा ग्रंथ लिहिला, तो १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. विनोबांचा एक मुद्दा शेतकऱ्याला सहज पटण्यासारखा आहे. फळाच्या चिंतेत जाणारे लक्ष वाचले तर ते सगळे कामात पडते आणि काम अधिक चांगले होते. खुरपे हातात असताना भावाचा विचार करणाऱ्याचे खुरपे रोपालाच लागते, हे कोणतीही खुरपणाऱ्या बायांची टोळी सांगेल.

पण भाजीपाल्याच्या शेतीत एक पेच आहे, आणि तो या ग्रंथांत भेटत नाही. इथे फळाचा विचार बी पेरण्यापूर्वीच करावा लागतो. काय लावायचे हेच मुळी भावाचा अंदाज बांधून ठरते. आणि त्या अंदाजाचा मोठा आधार, गंमत म्हणजे, धर्मच असतो. छोट्या मळ्याचे नियोजन पंचांग पाहून होते. आषाढी आणि महाशिवरात्रीला उपासाची रताळी, चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरे, श्रावणात पालेभाजी, भोगीला पावटा, वांगी, गाजर आणि हरभऱ्याचे घाटे, दसरा-दिवाळीला झेंडू. झेंडूचे रोप लावल्यापासून सुमारे दोन महिन्यांनी फूल येते, म्हणून शेतकरी दसऱ्यापासून मागे मोजत लावणी करतो. २०२३ साली अधिक श्रावण आला, पुढचे सगळे सण लांबले आणि दसरा गेला २४ ऑक्टोबरवर. पंचांग न पाहता आदल्या वर्षीच्या तारखेने लावणी केली असती, तर फुले सणाच्या आधीच उमलून गेली असती. बरे, फूल वेळेवर आले तरी सगळ्यांचेच येते. दसऱ्याच्या दुपारपर्यंत ज्याला भाव असतो तो झेंडू संध्याकाळी शहरांच्या चौकाचौकांत ढिगाने टाकून दिलेला दिसतो. देवाला वाहिलेल्या फुलाचे निर्माल्य होते. न वाहिलेल्या या ढिगाला काय म्हणावे, ते शास्त्रात सांगितलेले नाही.

शेती आणि पुण्य यांचे जुळवून घेणे पूर्वीही अवघड गेले आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शेती निंद्य ठरवली आहे, कारण लोखंडी फाळाचे लाकूड जमिनीला आणि तिच्यातल्या जिवांना मारते. बौद्ध भिक्खूंना विनयाच्या नियमांनी जमीन खणण्याची आणि वनस्पती तोडण्याचीही मनाई आहे. जैन श्रावकांसाठी टाळायच्या धंद्यांच्या यादीत जमीन फोडण्याचा धंदा येतो, आणि कंदमुळे तर खायचीच नाहीत. तरीही पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांनीच लोकांना शेती शिकवली, असे जैन परंपरा मानते. सांगली-कोल्हापूरकडे चतुर्थ जैन समाज पिढ्यानपिढ्या शेती करत आला आहे. कृष्णा-वारणेच्या काठची त्यांची शेते पाहिली, की आदर्श आणि पोट यांच्यामध्ये माणसे राहण्यापुरती जागा कशी करून घेतात ते समजते. ग्रंथातला नियम त्यांनी मोडला असे म्हणणे सोपे आहे. त्या नियमाचे ओझे वागवत शेती करणे हे त्याहून अवघड.

या वादातला सर्वांत रोखठोक प्रश्न एका शेतकऱ्याने थेट बुद्धाला विचारला होता. मगधातल्या एकनाला गावी कसि भारद्वाज नावाचा ब्राह्मण पाचशे नांगर जुंपून पेरणी करत होता. भिक्षेला उभ्या राहिलेल्या बुद्धाला तो म्हणाला, मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो. तूही तसेच करावेस. सुत्तनिपातातली ही गोष्ट गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी मराठीत आणली. बुद्धाने उत्तर दिले की तोही शेतीच करतो, पण मनाची. तिचे बी आणि तिची अवजारे वेगळी. ब्राह्मणाचे समाधान झाले आणि त्याने खीर पुढे केली. ती मात्र बुद्धाने घेतली नाही, कारण गाथा म्हणून मिळवलेले अन्न त्याला चालत नव्हते. हा तपशील महत्त्वाचा आहे. आपल्या उपदेशाची किंमत घ्यायची नाही, हे बुद्धाने स्वतःपुरते ठरवले. भारद्वाजाला पीक फुकट वाट असे काही सांगितले नाही. पुढे चीनमध्ये बाइझांग या आठव्या-नवव्या शतकातल्या ध्यानमार्गी गुरूने मठात सगळ्यांनी शेतात राबायचे असा दंडक घातला. तो म्हातारा झाल्यावर शिष्यांनी दया येऊन त्याची अवजारे लपवली. काम झाले नाही म्हणून त्या दिवशी तो जेवलाच नाही.

हिंसेचा प्रश्न आजच्या मळ्यात फवारणीच्या पंपातून येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते कापसाचे शेत होते, भाजीचे नाही. पण पंप तोच, औषधे बरीचशी तीच, आणि भाजीच्या बाबतीत तर फवारणी व तोडणी यांच्यामध्ये जे दिवस जाऊ द्यावे लागतात ते बाजारभाव ठरवतो. भाव चढलेला असेल तर थांबायला धीर कोणाला? अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी यावर शून्य खर्चाच्या शेतीचा पर्याय मांडला आणि तिला आध्यात्मिक शेती असेही म्हटले. देशी गाईचे शेण आणि गोमूत्र, गूळ, डाळीचे पीठ हे सगळे पाण्यात कालवून केलेले जीवामृत आता अनेक गावांत पिंपात ढवळलेले दिसते. त्यामुळे निविष्ठांवरचा खर्च उतरतो हे खरे. पण जीवामृतावर वाढलेली मेथी आणि युरियावर वाढलेली मेथी बाजार समितीत एकाच ढिगात पडते आणि दोन्हींचा लिलाव एकाच बोलीने होतो. अध्यात्म बांधापर्यंत पोचते, गाळ्यापर्यंत नाही.

गाळ्याची गोष्ट आली, तर तिथेच थोडे थांबू. फेब्रुवारी २०२३. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दहा गोण्या कांदा सोलापूरच्या बाजार समितीत नेला. वजन भरले ५१२ किलो, दर मिळाला किलोला १ रुपया. त्यातून वाहतूक, हमाली, तोलाई वजा झाली आणि शेतकऱ्याच्या नावे उरले २ रुपये ४९ पैसे. धनादेश मिळाला २ रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. बार्शी आणि माढा हे शेजारचे तालुके. ज्या मातीत कांद्यामध्ये विठ्ठल दिसला, तिथलीच ही विक्रीची पट्टी.

या पट्टीकडे तत्त्वज्ञानाच्या नजरेने पाहिले पाहिजे. त्या ५१२ रुपयांवर अनेकांचा हक्क होता. गाडीवाल्याला त्याच्या कामाचे फळ मिळाले, हमालाला मिळाले, तोलणाऱ्याला मिळाले. त्यांपैकी कोणीही फळाची आशा सोडली नाही आणि सोडू नये. हमालाची पाठ काही फुकट वाकत नाही. पण सगळ्यांचे वजा करून जे उरते ते शेतकऱ्याचे, अशी या हिशेबाची रचना आहे. म्हणजे पूर्ण साखळीत निष्काम कर्मयोगी एकच, आणि तोही स्वेच्छेने झालेला नाही. त्याला कागदावर तसा बसवला आहे.

त्याच वर्षी उलटेही घडले. जुलैत टोमॅटोचा किरकोळ भाव शंभर रुपयांच्या वर गेला आणि जुन्नर तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांच्या हाती आयुष्यात पाहिले नव्हते एवढे पैसे आले. ऑगस्टमध्ये सरकारने नेपाळहून टोमॅटो आणायची परवानगी दिली. त्याच महिन्यात कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले आणि डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच आली. एक रुपया किलोच्या वेळी भाव हा बाजाराचा खेळ होता. भाव वर जाताच तो देशाचा प्रश्न झाला. फळाची आसक्ती नको हे शेतकऱ्याला पटवून द्यायला भगवद्गीतेची गरज उरत नाही, एक अधिसूचना पुरते.

शेतकऱ्याच्या वाट्याचे काढून घेऊन वर त्यालाच संतोष शिकवला जातो, हे जोतीराव फुल्यांना दिसले होते. ते माळी समाजातले, भाजी आणि फुले यांच्या व्यवहाराची घरातूनच माहिती असलेले. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी पहिल्याच प्रकरणात दाखवले, की जन्मापासून मरणापर्यंतच्या आणि मरणानंतरच्याही विधींच्या निमित्ताने शेतकऱ्याकडून कसे काढून घेतले जाते. फुल्यांचा राग भक्तीवर नव्हता. दुसऱ्याच्या कष्टावर जगणारा जेव्हा त्या कष्टकऱ्याला संतोष शिकवतो, तेव्हा तो धर्म नव्हे, धंदा आहे, हे त्यांचे म्हणणे. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालायला विरोध केला. तो शिक्षणावर खर्च करा असा त्यांचा आग्रह होता. १८८६ साली ती इमारत उभी राहिली, गव्हर्नर रे यांच्या नावाने. आज तिला महात्मा फुले मंडई म्हणतात.

पैसाच नको, असेही एकाने करून पाहिले. १९५० साली विनोबांनी पौनारच्या आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. बाजारातून विकत आणण्यापेक्षा आपली भाजी आपण पिकवायची, बैलही वापरायचे नाहीत, विहिरीचा रहाट माणसांनी ओढायचा. धाम नदीच्या काठी विद्वान मंडळी कुदळ घेऊन उभी राहिली. प्रयोग खरा होता आणि कष्टही खरे होते. पण पौनारच्या आश्रमाला सावकार नव्हता, मुलांची फी नव्हती, मुलीचे लग्न नव्हते. पैसा सोडण्याची मोकळीक ज्याच्याकडे आहे त्याचा त्याग आणि ज्याच्या हातात पैसा येतच नाही त्याची अवस्था, या दोन गोष्टी वरून सारख्या दिसतात म्हणून एक होत नाहीत. विनोबांनाही हे उमगले असावे. पुढच्याच वर्षी ते पायी निघाले, तेलंगणात पोचमपल्लीला भूमिहीनांनी जमीन मागितली आणि १८ एप्रिल १९५१ पासून भूदान सुरू झाले. मळ्याचा प्रश्न मळ्यात सुटत नाही, असाच त्या पावलांचा अर्थ निघतो.

मळ्यात सुटण्यासारखे जेवढे आहे तेवढे सोडवायचा हट्ट कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी धरला. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरतात, अशी त्यांची मांडणी. सूर्यप्रकाश हे फुकट मिळणारे भांडवल आहे, पान हे ते साठवणारे यंत्र, आणि शेतकऱ्याने पाने मोजायला शिकले पाहिजे, हा त्यांचा धडा ‘प्रयोग परिवारा’तल्या अनेकांनी, विशेषतः द्राक्षवाल्यांनी, गिरवला. त्यांच्या विचारात कर्म आणि फळ यांच्यामध्ये निरीक्षण येते. ही निष्कामतेची मराठी मातीतली सर्वांत कामाची आवृत्ती वाटते: फळ डोळ्यांआड न करता त्याच्याकडे शांतपणे पाहायचे. पाऊस, कीड, ऊन हे आपल्या हातचे नाही. तिथे मन मोकळे ठेवलेले बरे. गारपीट झाली म्हणून कोणावर रागावणार? तिथे गीता शेतकऱ्याला खरेच उभे राहायला मदत करते, आणि आजवर केलीही आहे. पण हमाली किती, कट्टी किती, वजनातून किती किलो कापायचे, हे आभाळातून पडत नाही. ते माणसे ठरवतात. माणसांनी ठरवलेल्या गोष्टीला दैव म्हणून स्वीकारणे म्हणजे वैराग्य नव्हे.

आणि घरातली बाई? सावता महाराजांच्या पत्नी जनाबाईंची एक कथा आहे. त्यांच्या माहेरची माणसे आली, महाराज भजनात दंग, पाहुण्यांकडे बघितलेसुद्धा नाही. जनाबाई संतापल्या. महाराजांनी समजावले आणि त्या शांत झाल्या, असे कथा सांगते. पण त्या संतापात एक न्याय्य तक्रार आहे. मळ्यात देव पाहणाऱ्याच्या घरी चूल कोणी पेटवली, पाहुण्यांना भाकरी कोणी घातली, आणि त्या दिवशी भाजी कोणी खुडली? आजही खुरपणी, लावणी, जुड्या बांधणे ही कामे मुख्यतः बायकाच करतात आणि त्यांची मजुरी पुरुषांपेक्षा कमी असते. बहुतेक घरांत पट्टीवर नाव मात्र पुरुषाचे.

भावाच्या पेचावर उपाय अगदीच अज्ञात आहेत असे नाही. महाराष्ट्राने जुलै २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडे गेली. पण अर्धा एकर भाजी असलेल्या माणसाला रोज चार पाट्या घेऊन शहरात बसणे परवडत नाही, आणि तो बसला तर मळ्यात कोण? केंद्र सरकार २२ पिकांचे हमीभाव जाहीर करते. त्यांत एकही भाजी नाही. केरळने १ नोव्हेंबर २०२० पासून भाज्या, फळे आणि कंद मिळून १६ पिकांना आधार किंमत ठरवून दिली, उत्पादनखर्चावर वीस टक्के धरून. महाराष्ट्रात भाजीपाल्याला असा आधार नाही.

तेव्हा कीर्तनकार मंडळींना एक विनंती. सावता महाराजांचे चरित्र सांगताना दृष्टांताला त्या गावातल्याच एखाद्या शेतकऱ्याची पट्टी मागून घ्यावी आणि ती मोठ्याने वाचावी: माल किती, दर किती, कपात कशाकशाची, हाती किती. मग फळाच्या आशेविषयी जे सांगायचे ते अवश्य सांगावे, आणि समोर अडते, व्यापारी आणि बाजार समितीचे संचालक बसलेले असतील तर त्यांच्याकडे पाहून सांगावे.